डिस्को जाईचा शिट्टीवाला

मायाला वाटलं होतं, आत्या रडेल.

तशी तिनं तयारीच केली होती. पुण्याहून आलेला खोका आत्याच्या शिलाई मशीनवर ठेवला. पंखा बंद केला, कारण शाळेतल्या मनीषा मॅडम म्हणायच्या, पंख्याच्या घरघरीत भावना उडून जातात. मग समोर बसलेल्या दोघांकडं सावकाश बघून घेतलं. एक जाईबाई, तिच्या पप्पांची थोरली बहीण. दुसरे सर्जेरावबाबा. हे एके काळी जाईबाईच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. आता पार्टी नव्हती, पण चहाच्या वेळेला त्यांचे पाय आपोआप इकडं वळायचे.

खोक्यातून एक देखणी पेटी निघाली. पेटीत तीन काळ्याभोर तबकड्या, ताटाएवढ्या मोठ्या. झाकणावर जाईबाईचा तरुणपणीचा फोटो: डोळ्यांवर गॉगल, अंगात चंदेरी टिकल्यांचा ब्लाउज, एक हात कमरेवर, दुसऱ्यात माईक, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू घाटनांदूरचं रेल्वे स्टेशन हिच्याच बापानं बांधलंय. खाली मोठ्या अक्षरांत: डिस्को जाई घाटनांदूरकर, तिन्ही कॅसेटी, सगळी गाणी.

"गॉगल कुणाचा होता गं त्यो?" सर्जेरावबाबांनी विचारलं.

"तुमचाच. अजून परत मागताय का?"

"ऱ्हाऊ दे. आता डोळ्याला बी उपेग न्हाई त्याचा."

गोष्ट अशी होती की चाळीसेक वर्षांपूर्वी जाईबाईच्या तीन कॅसेटी निघाल्या होत्या. भीमगीतं, हळदीची गाणी, एकदोन बारशाची; पण सगळ्यांना ठेका डिस्कोचा. ढोलकीच्या जोडीला बँडवाल्यांचा मोठा ढोल आणि कॅसिओ. पोरं जयंतीच्या मिरवणुकीत बेभान नाचायची आणि थोरली माणसं नाकं मुरडायची, बाबासाहेबांच्या गाण्यावर कंबर हलवती ही बाई. दुसऱ्या गायिकांची नावं पोस्टरवर मोठी झाली, जाईबाईचं कोपऱ्यातच राहिलं. मग कॅसेटची कंपनीच बंद पडली आणि जाईबाई ब्लाउज शिवायला बसली ती बसलीच.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या पोराला रविवारच्या जुन्या बाजारात तिची एक कॅसेट सापडली. त्यानं गाणं इंटरनेटवर टाकलं आणि कुठल्या कुठल्या देशांतली पोरं त्याच्यावर नाचायला लागली. तो विचारत विचारत घाटनांदूरला आला, तिन्ही कॅसेटी नव्यानं काढतो म्हणाला. जाईबाईच्या संथ गाण्यांना तो 'सोल' म्हणायचा. सर्जेरावबाबांनी तेव्हा त्याला सरळ विचारलं होतं, "सोल म्हंजे? ऊस सोलायचा का?"

पेटीत एक पुस्तिका घालायची होती, जाईबाईच्या आयुष्याबद्दल. त्यानं विचारलं तेव्हा जाईबाईनं दातातला दोरा तोडत सांगितलं, "मला काय सांगाया येत न्हाई. आमच्या मायाला इचारा. ती लई ग्वाड लिवती. तालुक्यात पयली आलीया."

आणि माया खरंच पहिली आली होती. आठवीपर्यंत हीच पोरगी हजेरीला 'हजर' म्हणायची ते तिला स्वतःलाही ऐकू जायचं नाही. नववीत मॅडमनी तिला वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, अंबाजोगाईच्या त्या स्टेजवर तिच्या तोंडातून आवाज निघाला, आणि तिसऱ्या रांगेतल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या दिवसापासून मायाचं जग बदललं. मॅडमचं एकच सूत्र होतं, परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं की नंबर आपला. आता माईक दिसला की मायाचे पाय तिकडंच वळायचे. लग्नात, निरोप समारंभात, एकदा तर गॅसच्या टाक्या वाटणाऱ्याच्या लाउडस्पीकरवर सुद्धा.

पुस्तिकेचा मजकूर तिनं एका बैठकीत लिहिला होता. कुणाला वाचून दाखवला नाही. छापून आल्यावर एकदमच दाखवायचा होता.

आता तिनं पुस्तिका उघडली. स्पर्धेतला आवाज लावला, खालून वर चढत जाणारा.

"बीड जिल्ह्याच्या करपलेल्या मातीत एक जाई उमलली. भाकरीच्या तुकड्यासाठी तिनं गळा गहाण टाकला. पोटात भुकेची आग, आणि ओठांवर मात्र गाणं." इथं तिनं थांबा घेतला. "घरी दारूच्या बाटलीत बुडालेला नवरा. त्याचा मार खाऊन ती स्टेजवर उभी राहायची, आणि पाठीवरचे वळ टिकल्यांच्या ब्लाउजखाली झाकून जगाला नाचवायची."

इथं आणखी एक थांबा होता. मोठा. मायानं नजर वर उचलली, पाणी बघायला.

पाणी नव्हतं. जाईबाई तिच्याकडं बघत होती, जसं एखादं गिऱ्हाईक अंगात बसलेला ब्लाउज उसवून परत आणतं तेव्हा बघायची.

सर्जेरावबाबांनी कप खाली ठेवला. "जाईबाई," ते हळूच म्हणाले, "नवनाथ पीत होता?"

जाईबाईनं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"न्हाई, आमी सारा जल्म बरूबर काढला. आमाला कदी कळलं न्हाई. म्हणून इचारलं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. आपल्या जिवलग माणसाचं एवढं मोठं दुखणं आपल्याला दिसलंच नाही की काय, या काळजीनं त्यांचा चेहरा बारीक झाला होता.

आणि लाजेनं मायाच्या कानांतून गरम वाफ निघाली.

नवनाथमामा म्हणजे जाईबाईचे मालक. भिंतीवर त्यांचा फोटो होता, त्याच खोलीत, तिच्या डोक्याच्या बरोबर वर. माया लहान असतानाच ते वारले. तिला आठवायचं ते एवढंच की ते तिला सायकलच्या दांडीवर बसवून स्टेशनवर मालगाडी दाखवायला न्यायचे. मजकूर लिहिताना दुष्काळ झाला होता, भाकरी झाली होती, तरी काहीतरी कमी वाटत होतं. छळणारं कुणीतरी पाहिजे होतं. मामा तर आता नाहीत, त्यांना काय कळणार, असा विचार तिच्या मनात आला होता. पुरता विचारसुद्धा नव्हता तो. पेन न उचलता ती पुढं गेली होती.

"न्हाई भाऊ," जाईबाई शेवटी म्हणाली. "प्याला न्हाई तो. कदीच न्हाई. तुमी चहा घ्या."

बाबांनी चहा घेतला नाही. टोपी उचलून गेले.

ते गेल्यावर जाईबाईनं पंखा लावला. मशीनवरची पेटी उचलून कॉटवर ठेवली, एक अर्धा ब्लाउज सुईखाली सरकवला आणि शिवायला लागली. माया उभीच.

"आत्या, मी..."

"मला गरीब केलंस, करू दे. तशा भाकरी आमच्या घरात रग्गड होत्या, तुजा आजा शाळेत शिपाई होता, महिन्याच्या महिन्याला पगार यायचा. पर आसू दे. माज्या अंगाला काय भोकं पडत न्हाईत. त्याला कावून दारुडा केलंस?"

"मला वाटलं, दुःख असलं की लोक मन लावून वाचतात."

"मग मला इचारायचं हुतंस. दुःख हाय की. गुडगं दुखतात." मशीन थांबली. "पोरी, मी हौसेनं गायले. मला नाचाया आवडायचं, चमचम आवडायची. त्यो ब्लाउज त्यानंच टिकल्या आणून दिल्या म्हणून शिवला. लोकं त्याला म्हणायचे, बायकोला नाचवतूस व्हय बे. तर म्हणायचा, मी कुठला नाचवतो, तीच मला नाचवती. रातभर कार्यक्रम चालायचा, बाकीचे गडी स्टेजमागं जाऊन घोटभर लावून यायचे, आन ह्यो गोटी सोडा पीत बसायचा. सगळी पार्टी हसायची त्याला. ही गोष्ट तुला लिवता आली न्हाई?"

आनंदावर बोलून नंबर आलेला मायानं अजून कुणाचा पाहिला नव्हता.

त्याच दुपारी तिनं पुण्याला फोन लावला. रेकॉर्डवाले दादा आधी आनंदानं बोलले. पेट्या सगळीकडं रवाना झाल्या, लोक गाण्यांइतकंच पुस्तिकेबद्दल लिहितायत, विशेष करून तो नवऱ्याचा परिच्छेद, काय लिहिलंयस गं.

"दादा, ते खोटं आहे."

दादा रस्त्याच्या कडेला सरकले असावेत, पलीकडची गाड्यांची वर्दळ कमी झाली.

"कुठलं?"

"मामाचं. सगळंच."

दादा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी आत्यांना एकदा वाचून दाखवायला पाहिजे होतं. मलाही ते वाचून इतकं भारी वाटलं ना, की विचारावंसंच वाटलं नाही." इंटरनेटवरचा मजकूर ते आज बदलणार होते. छापलेलं मात्र छापलं होतं. घाटनांदूरला रविवारच्या कार्यक्रमासाठी जेवढ्या पेट्या येतील तेवढ्यांचं काय करायचं ते कर, म्हणाले.

कार्यक्रम विहाराच्या सभागृहात ठरला होता. दादा तबकडी वाजवायचं यंत्र घेऊन येणार होते, गाणी लागणार होती, आणि सूत्रसंचालन अर्थातच कुमारी माया.

मायानं ठरवलं, सगळ्यांसमोर माफी मागायची. तिनं भाषण बांधलं. आत्याच्या मागच्या खोलीत, कपाटाच्या आरशासमोर उभी राहून सराव केला. "आज या व्यासपीठावर मी सत्काराला नाही, शिक्षेला उभी आहे." चांगलं होतं. "एका निष्पाप माणसाच्या कबरीवर..." कबर नको, मामांना अग्नी दिलेला. "एका निष्पाप माणसाच्या स्मृतीवर मी शाईचा डाग पाडला." आणि इथं तिनं थांबा घेतला. मोठा. आरशात तिचा हात आपोआप छातीशी गेला होता, मान किंचित कलली होती, आणि डोळे समोरच्या रांगेत पाणी शोधत होते.

समोर रांग नव्हती. कपाटाच्या कडेला जाईबाई उभी होती, खांद्यावर मोजायची पट्टी.

"छान झालंय," ती म्हणाली. "पयला नंबर यील."

मायाला त्या क्षणी जमीन फाटली असती तर बरं वाटलं असतं. आत्याला खोटं लिहिल्याचं कळलं तेव्हा लाज वाटली होती, पण ही लाज वेगळीच होती. माफीसुद्धा ती टाळ्यांसाठी मागत होती. ती मटकन खाली बसली आणि आता रडली, आणि रडताना स्वतःच्या हुंदक्याचाही तिला संशय आला.

जाईबाईनं तिला रडू दिलं. मग कपाट उघडलं, साड्यांच्या मागं हात घातला आणि एक पितळी शिट्टी काढली, निळ्या दोरीत ओवलेली.

"ही त्याची. समता सैनिक दलात हुता तो. जयंतीच्या मिरवणुकीत एवढी गर्दी, पर ह्यानं शिट्टी मारली की पोरं बाजूला सरकायची. पयल्या कॅसेटीच्या वक्ताला म्हणाला, गाण्यात बी मारतो. कंपनीवाला नगं नगं करत हुता. मारली. आन ते पुण्याचं पोरगं म्हणतंय, परदेशात लोकं त्या शिट्टीलाच नाचतात." तिनं दोरी मायाच्या गळ्यात घातली. "रविवारी गाण्याला तू मारायची. तोंडाला काम दे. बोलायचं न्हाई. सूत्रसंचालन तुज्या वर्गातली वनिता करंल."

"पण तिला तर..."

"अडखळती. अडखळू दे."

मग रविवारपर्यंत मायानं दोन कामं केली. सर्जेरावबाबांच्या अंगणात बसून शिट्टी शिकली. 'निळी झालर' या गाण्यात तिसऱ्या ओळीनंतर सगळी वाद्यं एकदम थांबायची, मग दोन तोकड्या शिट्ट्या, एक लांब, आणि पुन्हा सगळा धडाका. ऐकायला सोपं, पण तिचं दरवेळी आधीच वाजायचं. "थांब की जरा," बाबा ढोलकीवर हात ठेवून म्हणायचे, "नवनाथ ऐकत उभा ऱ्हायाचा. तू नुसती वाट बघतीस कदी माजा नंबर येतो." एवढं बोलून ते पुन्हा ठेका धरायचे. दारूची गोष्ट त्यांनी परत काढली नाही, आणि माया रोज ती निघायची वाट बघत राहिली.

दुसरं काम म्हणजे आलेल्या पेट्या उघडून प्रत्येक पुस्तिकेतल्या त्या परिच्छेदावर पांढरी चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवरचा मजकूर आत्यानं सांगितला आणि मायानं एक शब्द न वाढवता लिहिला: 'शिट्टी नवनाथ यांची आहे. ते आयुष्यात कधी प्याले नाहीत. पाहिजे तर सर्जेरावला विचारा.'

रविवारी सभागृह भरलं. जाईबाईनं टिकल्यांचा ब्लाउज घातला होता, बाजूनं कापड जोडून मोठा केलेला. वनिता माईकवर अडखळली, सॉरी म्हणाली, पुन्हा अडखळली आणि लोक तिच्यासोबत हसले. माया स्टेजच्या कडेला, गळ्यात शिट्टी, हाताची घडी.

सुंदरराव भाषणाला उठले. हे त्या भागातले पुढारी, प्रमुख पाहुणे. त्यांना पेटी मान म्हणून आधीच घरपोच गेली होती, पुण्याहून, चिठ्ठीशिवाय. हे मायाच्या लक्षात आलं तोवर त्यांनी खिशातून पुस्तिका काढून चष्मा लावला होता.

"आमच्या या भगिनीनं काय सोसलं," सुंदरराव म्हणाले, आणि आवाज खालून वर चढवला. "घरी दारूच्या बाटलीत बुडालेला नवरा. त्याचा मार खाऊन ही माउली..."

बायकांमधून च्च् च्च् असा आवाज आला. पदर डोळ्यांना लागले. मायाचं वाक्य होतं ते, मायाचाच थांबा होता, आणि तो बरोबर लागू पडला होता. तिला ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. आत्याकडं बघितलं आणि दातांत शिट्टी धरली. समोर दुसऱ्या रांगेत सर्जेरावबाबा खाली मान घालून पायांतली चप्पल बघत होते.

जाईबाई उठली. सुंदररावांच्या हातून माईक घेतला, तोही असा की कुणाला ओढल्यासारखा वाटू नये.

"बसा भाऊ. दमलासा." मग लोकांकडं वळून म्हणाली, "माजा मालक पीत नव्हता. त्यो शिट्टी वाजवायचा. ऐका."

दादांनी तबकडीवर सुई ठेवली. आधी खरखर, मग तो मोठा ढोल, कॅसिओ, आणि चोवीस-पंचवीस वर्षांच्या जाईचा आवाज, ज्यात भूक नव्हती, वळ नव्हते, नुसती मजा होती. आत्या स्वतःच्याच आवाजाबरोबर गात होती. तिसरी ओळ आली. वाद्यं थांबणार होती, अजून थांबली नव्हती, आणि मायानं शिट्टी मारली.

आधीच. अख्ख्या सभागृहात तिची एकटीची शिट्टी, चुकीच्या जागी. पोरं फिदीफिदी हसली. आणि मग वाद्यं थांबली, आणि तबकडीतून मामांची आली, जिथं यायला पाहिजे होती तिथंच. दोन तोकड्या, एक लांब. किती निवांत वाजवायचा हा माणूस. मागची पोरं उठून नाचायला लागली. माया जागच्या जागी उभी राहिली, तोंड लाल, आणि पुढच्या वेळी तिनं वाट बघितली नाही, ऐकलं. तेव्हा तिची शिट्टी मामांच्या शिट्टीवर बसली, अगदी बरोबर नाही, पण जवळ. आत्या गाता गाता हसली. ते हसू मायासाठी होतं की मामांसाठी, ते मायाला कळलं नाही आणि विचारायची तिची हिंमत झाली नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती दारात पेट्यांच्या टेबलाजवळ बसली. चिठ्ठ्या नीट चिकटल्यात का, ते बघत होती. साखराबाई म्हणून आत्याच्या गल्लीतली एक म्हातारी पायऱ्या उतरताना थांबली आणि मायाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"जाईनं लई सोसलं बाई. आमाला शेजारी राहून पत्ता न्हाई. मारायचा म्हणं तो."

"नाही मावशी. मारत नव्हते. पीतही नव्हते. आत्यानं सांगितलं की आत्ता."

"बाईमाणूस झाकणारच गं. मालकाचं नाव कोण घेतंय?" साखराबाईनं आवाज उतरवला. "आन लिवलंय की त्या बुकात. छापलेलं खोटं आसंल व्हय?"

मायाच्या घशात सगळं भाषण तयार होतं. शाईचा डाग, निष्पाप माणूस, सगळं. तिनं ते गिळलं.

"मीच लिहिलंय मावशी. खोटं लिहिलंय."

साखराबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसांच्या दोन वेण्या, शाळेचे बूट, गळ्यातली शिट्टी. मग ती समजुतीनं हसली. या लेकरालाही घरच्यांनी गप्प राहायला शिकवलंय, असं तिला वाटलं असावं.

"बरं, बरं. जेवून जा घरी," म्हणाली आणि पुढच्या बाईला गाठायला काठी टेकत निघाली. जाता जाता त्या दोघी काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं, पण एकीनं पदर डोळ्यांना लावला तेवढं मायाला दिसलं.

ती उठली आणि त्यांच्या मागं धावली.